चिरंजीवांची यादी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही उभयतांनी नाट्यसंगीतावर काही बोलावे, अशी कार्यकारिणीची मूळ सूचना होती. गेली कित्येक वर्षे गणेशोत्सवात आम्ही तेच करीत आलो असल्यामुळे ती स्वाभाविकच होती. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या घरी जे ऐकले गेले, ते बाजूला सारून पुन्हा गंधर्वयुगाकडे वळावे, हे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटले. म्हणून कार्यकारिणीच्या परवानगीने, आणि थोड्याशा नाराजीनेही, आज आम्ही रॉक संगीताविषयी बोलणार आहोत. सभागृहातून आताच उठू पाहणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना विनंती अशी की, कॉफी भाषणानंतर आहे.

भाषण दोघांनी मिळून लिहिले आहे, वाचणार एकच. जेथे मतभेद झाला तेथे दोन्ही मते दिली आहेत.

आमचे चिरंजीव या गावातच वाढले. शाळेत कन्नड आणि इंग्रजी, घरी मराठी. आठवीनववीपासून त्यांच्या खोलीचे दार बंद राहू लागले आणि त्या दारामागून जे येऊ लागले त्याला आम्ही 'धडधड' असे नाव दिले होते. 'धडधड बंद कर आणि जेवायला ये', एवढाच आमचा त्या संगीताशी दहा वर्षांचा संबंध. पुढे ते परदेशी गेले आणि दार उघडे राहू लागले. उघड्या दाराच्या शांततेची सवय व्हायला आम्हांला बंद दाराच्या आवाजापेक्षा अधिक काळ लागला. या सभागृहातील बऱ्याच घरांना हे वेगळे सांगावयास नको.

२०१८ च्या डिसेंबरात ते सुट्टीवर आले असताना घरातल्या आईने सहज विचारले, "तू त्या खोलीत एवढं काय रे ऐकायचास?" उत्तर आले, "सांगून नाही समजायचं, आई. ऐकावं लागेल." जाताना टेबलावर एक लहानसा ध्वनिवर्धक आणि चार कागद ठेवून गेले. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकाने २००३ साली पाचशे सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांची यादी छापली होती. सुमारे पावणेतीनशे गायक-वादक, समीक्षक आणि व्यवसायातील जाणकार यांची मते घेऊन केलेली. तिच्यातील पहिली शंभर नावे चिरंजीवांनी स्वहस्ते उतरवून काढली होती. खाली वेगळ्या शाईत एक ओळ: 'शंभरच्या बाहेरचे एक, पण ऐकाच.' त्याविषयी पुढे.

आम्ही ठरविले की दर रविवारी दुपारच्या चहानंतर एक ध्वनिमुद्रिका ऐकावयाची, यादीच्या क्रमाने, एकही न गाळता. नियम दोनच. अर्ध्यात उठावयाचे नाही, आणि नापसंती व्यक्त करावयाची तर ती दुसऱ्यांदा ऐकल्यानंतर. पहिला नियम पाण्याच्या नळाने पहिल्याच महिन्यात मोडला. हिशेबाच्या जुन्या वहीत नोंदी ठेवल्या, त्यांत संगीताबरोबर इतर गोष्टीही आपोआप आल्या. 'क्रमांक ११. मधेच गॅस संपला.' 'क्रमांक १९. नंजनगूडची केळी आणली होती, ती ऐकता ऐकता संपली.' अशी ती वही आहे.

आमचा हा उद्योग ऐकून एका स्नेह्यांनी विचारले, "म्हैसुरात राहून हे कशाला?" आम्हांस मात्र वाटते की, हे करावयाचे तर म्हैसुरातच. ज्या नगराचे महाराज जयचामराजेंद्र ओडेयर स्वतः कर्नाटक संगीतात नव्वदांवर कृती रचीत होते, तेच पाश्चात्त्य संगीताचे नाणावलेले श्रोतेही होते. निकोलाय मेट्नर हा रशियन रचनाकार आणि पियानोवादक लंडनमध्ये आजारपणात आणि विस्मृतीत दिवस काढीत असता, त्याच्या रचना त्याच्याच हातून ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून १९४० च्या दशकाच्या अखेरीस महाराजांनी पैसा पुरविला आणि एच.एम.व्ही.ने त्या तबकड्या काढल्या. मेट्नरने आपला तिसरा पियानो कन्चेर्टो महाराजांना अर्पण केला. १९५१ मध्ये तो वारला. २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिचर्ड श्ट्राउसची अखेरची चार गीते प्रथम गायिली गेली, त्या मैफलीच्या खर्चाची हमीही म्हैसूरच्या महाराजांची होती. महाराज स्वतः तेथे नव्हते. इतक्या दूरवर बसून दुसऱ्या कोणाच्या तरी घरचे गाणे एवढ्या आस्थेने ऐकणारा मनुष्य आपल्या गावात होऊन गेला. आणि १९०२ साली कलकत्त्यास ध्वनिमुद्रण करून आपल्या देशातील ग्रामोफोनच्या प्रारंभात ज्यांनी वाटा उचलला, त्या गौहरजान आयुष्याच्या अखेरीस याच दरबाराच्या आश्रयाला आल्या आणि १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसुरातच निवर्तल्या. तबकडीचा आणि या गावाचा संबंध जुना आहे.

असो. यादीतील पहिली ध्वनिमुद्रिका बीटल्सची, १९६७ सालची 'सार्जंट पेपर'. तिच्या वेष्टनावर थोरामोठ्यांच्या चेहऱ्यांची गर्दी आहे. त्यांत मुळात महात्मा गांधीही होते, पण भारतात रोष होईल या भीतीने कंपनीने ते चित्र काढावयास लावले. दुसऱ्या बाजूचे पहिलेच गाणे जॉर्ज हॅरिसनचे. त्यात दिलरुबा, तंबोरा, तबला, सर्व आपले. आम्ही सरसावून बसलो. गाणे संपले आणि लगेच माणसांच्या हसण्याचा आवाज आला! आमच्यापैकी एकास तो आपल्या संगीताचा उपहास वाटला आणि वहीत तशी तिखट नोंद झाली. चिरंजीवांनी दूरध्वनीवर सांगितले की, हसे घालण्याची कल्पना खुद्द हॅरिसनचीच होती. एवढे गंभीर गाणे झाल्यावर श्रोत्यांना थोडे मोकळे करावे म्हणून. नोंद खोडली. कीर्तनात पूर्वरंग चढला की बुवा एखादा विनोद करून मंडळींना सैल करतात, ते आठवले.

तिसऱ्या आठवड्याच्या 'रिव्हॉल्व्हर'ने (१९६६) आमची खरी दाद घेतली. त्यातील एका गाण्यात प्रारंभी सतार आणि मग तबला येतो. वेष्टनावर तबलावादकाचे नाव छापले आहे: अनिल भागवत. बीटल्सच्या वेष्टनावर बाहेरच्या वादकाचे नाव येणे ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट. पण आमच्या घरी "अगंबाई, भागवत!" असा जो उद्गार निघाला, त्याचा त्या अपूर्वाईशी काही संबंध नव्हता. परमुलखात रेल्वेच्या डब्यावर आरक्षणाची यादी लावलेली असे, तीवर आपल्याकडचे एखादे आडनाव दिसले की जो निघत असे, तो हा उद्गार. त्याच ध्वनिमुद्रिकेचे शेवटचे गाणे जवळजवळ एकाच स्वरसंगतीवर तोलून धरलेले आहे. खाली अखंड षड्ज, वर सारा गोंधळ. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानांना तेथे प्रथमच बसावयास पाट मिळाला.

पाचव्या आठवड्यात एक मौज झाली. शेजारी परीक्षेचा अभ्यास चालू होता, म्हणून ध्वनिवर्धक न लावता आम्ही कानात घालावयाच्या बोंडांची एकच जोडी दोघांत वाटून घेतली. डावे एकाकडे, उजवे दुसरीकडे. ध्वनिमुद्रिका 'रबर सोल'. चार गाणी झाल्यावर एकाने मत दिले, "वाद्ये बरी आहेत; पण हे गातात केव्हा?" दुसरीने म्हटले, "गातात तर मघापासून, पण साथ अगदीच क्षीण." भांडण बरेच रंगले. मग उलगडा झाला. १९६५ च्या त्या द्विध्वनी मुद्रणात बहुतेक ठिकाणी वाद्ये एका बाजूस आणि गळे दुसऱ्या बाजूस ठेवले होते. एकाने निव्वळ साथ ऐकली होती, दुसरीने निव्वळ गाणे. आणि दोघांनीही आपण पूर्ण ध्वनिमुद्रिका ऐकली या खात्रीने मत बनविले होते. संसारातील इतर काही जुन्या वादांकडेही त्या दिवसानंतर आम्ही जरा संशयाने पाहू लागलो.

त्याच्या उलट दुसऱ्या क्रमांकाची 'पेट साउंड्स' (१९६६). तिचा कर्ता ब्रायन विल्सन उजव्या कानाने जवळजवळ बहिरा. म्हणून त्याने ती एकाच ध्वनिमार्गावर सिद्ध केली. आमच्यापैकी एकाचा उजवा कान अधू आहे. हे वाचल्यापासून ती त्यांची विशेष आवडती झाली. यात रसिकता किती आणि सहानुभूती किती, याचा निर्णय आम्ही केलेला नाही.

सर्वच काही गोड लागले असे समजू नये. क्रमांक सातचे दुप्पट लांबीचे प्रकरण आम्हांस केवळ कलकलाट वाटले, दुसऱ्यांदाही. तेरावे तर संपल्यावर दोघांनी मुकाट्याने भाजी निवडावयास घेतली. बॉब डिलनपाशी मात्र आम्ही फार अडखळलो. हा गळा आमच्या कोणत्याही गायनशाळेतून पहिल्या दिवशी परत पाठविला गेला असता. पण लहानपणी सांगली-मिरजेकडे ज्यांनी वयोवृद्ध कीर्तनकार ऐकले आहेत, त्यांना माहीत आहे की आवाज गेल्यावरही शब्द उभा राहू शकतो. कधी कधी आवाज गेल्यावरच राहतो. शब्द समजण्यासाठी आम्ही ते मुद्रित करून, चष्मा लावून, गाण्याबरोबर बोट फिरवीत वाचले. २०१६ साली या गृहस्थास साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा आम्हीच हसलो होतो, हेही कबूल केले पाहिजे.

त्रेचाळिसावा आठवडा २७ ऑक्टोबर २०१९ रोजी, नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आला. ध्वनिमुद्रिका पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३ सालची. अमेरिकेतील खपाच्या यादीत १९८८ पर्यंत ती एकंदर ७४१ आठवडे राहिली, हा विक्रमच. पूजेपूर्वी ऐकून टाकू म्हणून लावली. तीत एके ठिकाणी एकाएकी असंख्य घड्याळांचे गजर आणि टोले सुरू होतात. अॅलन पार्सन्स या ध्वनितंत्रज्ञाने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ वेगळे मुद्रित केले होते. आम्हांस हे ठाऊक नव्हते. करंज्यांची परात हातातून सुटता सुटता राहिली आणि शेजारचे कन्नड स्नेही "एनायितु, एनायितु?" म्हणत, काय झाले म्हणून, सोवळ्यानेच धावत आले. त्यांना बसवून घेतले. अखेरपर्यंत बसले. शेवटी गाणे विरत जाते आणि नुसते हृदयाचे ठोके उरतात, तेही थांबतात. ते म्हणाले, "हे पुन्हा लावा." त्या दिवशी पूजेला उशीर झाला.

आता ती वेगळ्या शाईतील ओळ. ध्वनिमुद्रिका 'क्वीन' या वृंदाची, १९७५ सालची 'अ नाइट अॅट द ऑपेरा'. तिचा गायक फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगास ठाऊक आहे. मूळ नाव फारोख बलसारा. पारशी कुटुंब, जन्म १९४६ चा झांझिबारचा. आणि शिक्षण? आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीस, सेंट पीटर्स शाळेत! आठनऊ वर्षांचा पोर आईबापांना समुद्रापलीकडे ठेवून पाचगणीच्या वसतिगृहात राहिला, तेथेच पियानो शिकला, तेथेच शाळासोबत्यांबरोबर पहिला वृंद काढला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली तेव्हा कुटुंबास इंग्लंडला जावे लागले. गुजरातेतील मुळे, आफ्रिकेतील घर, सह्याद्रीतील शाळा आणि लंडनमधील रंगमंच. असा मनुष्य घरी जाण्याचे स्वप्न पाहत असेल तर कोणत्या घराचे? ज्यांची मुले घरी एक, शाळेत दुसरी आणि मैदानावर तिसरी भाषा बोलत वाढली, त्या आपणांस हा प्रश्न केवळ चरित्रात्मक नाही. आम्ही चिरंजीवांना विचारले की, हे पाचगणीचे पूर्वी का सांगितले नाहीस? ते म्हणाले, "सांगितलं होतं. बाबा म्हणाले, आधी केमिस्ट्री."

हे खरे असावे.

सप्टेंबर २०२० मध्ये, आम्ही शहाऐंशीपर्यंत पोहोचलो असताना, त्या नियतकालिकाने नव्या मतदारांकडून नवी मते घेऊन यादीच बदलून टाकली. आमचा 'सार्जंट पेपर' पहिल्यावरून चोविसाव्या क्रमांकावर घसरला! टाळेबंदीचे दिवस, बाहेर जाणे नाही. आम्हांस उगाच आपले कोणी पदच्युत झाल्यासारखे वाटले. नव्या यादीत अग्रस्थानी होती मार्विन गे याची 'व्हॉट्स गोइंग ऑन', १९७१ सालची. ती आम्ही सहाव्या आठवड्यात ऐकली होती. वहीतील नोंद: 'आवाज मऊ. ठीक.'

पुन्हा लावली. मार्विनचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धावरून परतला होता; तेथून घरी आलेल्या एका सैनिकाच्या नजरेने सगळी गाणी पाहिली आहेत. पहिल्या गाण्यात आईला हाक आहे, भावाला आहे, मग बापाला आहे. भांडण वाढवू नका, आधी बोला, असे त्याचे बापाशी मागणे आहे. हे गाणे ज्याने गायिले तो मार्विन गे १ एप्रिल १९८४ रोजी, पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, राहत्या घरी बापाच्याच गोळीने मेला. बाप धर्मोपदेशक होता.

हे वाचून झाल्यावर आमच्या घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यानंतर एक गोष्ट निघाली, जी पंचवीस वर्षे निघाली नव्हती.

चिरंजीव पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षात असताना त्यांच्या कॅसेट आम्ही काढून घेतल्या होत्या. तेवीस होत्या, मित्रांकडून एकेक मागून आणून, रात्र रात्र जागून उतरवून घेतलेल्या. परीक्षेनंतर परत द्यावयाच्या होत्या. पण त्या काळी रात्री उशिरा, आकाश निवळ असले की, मध्यम लहरींवर मुंबई केंद्र खरखरत लागे. ज्या नगरात १९३५ साली डॉ. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि 'आकाशवाणी' हा शब्द देशास दिला, त्याच नगरात आम्ही मराठी शब्दासाठी खिडकीतून तार बाहेर सोडून बसत असू. एका रात्री नाट्यगीतांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागला. कोरी कॅसेट घरात नव्हती. मागच्या खाचांवर चिकटपट्टी लावली की भरलेल्या कॅसेटवरही पुन्हा मुद्रण होते, हे आम्हांस ठाऊक होते. त्या रात्री एक झाली. मग सोय झाली म्हणून आणखी झाल्या. वर्षभरात तेवीसच्या तेवीस.

चिरंजीवांना हे कळले तेव्हा ते काही बोलले नाहीत. आम्ही ते समजूतदारपणाचे लक्षण मानले. आम्हां दोघांत येथे मतभेद आहे: एकाचे म्हणणे की, आपल्याला त्यांचे मोल खरोखर कळले नव्हते, दुसरीचे म्हणणे की, कळले होते, म्हणूनच आपण त्यांना कधी विचारले नाही.

कॅसेट माळ्यावर होत्या, यंत्रही होते. त्या आठवड्यात एक काढून लावली. वर घरातल्या आईच्या अक्षरात चिठ्ठी: 'नाट्यगीते, मुंबई केंद्र'. तिच्याखाली खरडून काढलेली दुसरी चिठ्ठी, अर्धी. अर्धा तास गाणी झाली. आवाज बराच गेलेला, तरी तानांची वळणे ओळखू येत होती. कार्यक्रम संपल्याची निवेदिकेची घोषणा अर्धवट तुटली. एरवी आम्ही येथे यंत्र बंद करीत असू. पुढे जे काही होते ते 'उरलेली धडधड' म्हणून. त्या दिवशी दारात दूधवाला आला आणि बंद करावयाचे राहिले.

संथ सूर आला, त्यावर सॅक्सोफोन. स्वयंपाकघरातून आणि दारातून दोघे एकाच वेळी यंत्रापाशी आलो. नाव सांगावयाची गरज नव्हती, त्रेचाळीस क्रमांक. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर ती ध्वनिमुद्रिका सबंध बसते, आणि आमचा कार्यक्रम तीस मिनिटांचा असल्यामुळे पुढची साधारण तेरा मिनिटे वाचली होती. आम्ही ती उभ्यानेच ऐकली. अखेरीस ठोके आले. त्या काळी तो आवाज आम्हांस फितीतला बिघाड वाटला होता आणि एकदा यंत्र दुरुस्तीलाही दिले होते.

त्या रात्री दूरध्वनी केला. जे सांगावयाचे होते ते सांगितले. ते येथे पुन्हा सांगत नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग चिरंजीवांनी विचारले, "कुठपासून राहिलंय?" आम्ही सांगितले. "मग शेवट आहे," ते म्हणाले. "कोणाची पदं आहेत त्याच्या आधी?" तीही सांगितली. त्यांनी ती नावे उतरवून घेतली असावीत, कारण एकेका नावानंतर ते थांबत होते.

उरलेल्या बावीस कॅसेटच्या शेवटी काय काय राहिले आहे, हे आम्ही आता रविवारी एकेक करून पाहत आहो. सात ओळखल्या, दोन आमच्या यादीबाहेरच्या निघाल्या, त्या दूरध्वनीवरून ऐकवून चिरंजीवांकडून ओळखून घेतल्या. अडचण एवढीच की, यंत्राचा रबरी पट्टा सैल झाल्यामुळे सगळे गायक अर्ध्या स्वराने उतरले आहेत. तो पट्टा बदलून देणारा कारागीर म्हैसुरात कोणास ठाऊक असेल, तर कृपया कॉफीच्या वेळी आम्हांस भेटावे.